मांजर घेऊन मोंबासाला

मी, धोंडिबा फिटर, समस्त चिखलीकर आणि निघोजेकर मंडळींस अत्यंत गांभीर्यपूर्वक जाहीर करतो, की मी बायकोला टाकून मांजर घेऊन परदेशी पळालो ही वार्ता निखालस खोटी आहे. मी दोघींनाही आणलं.

निघालो त्या सकाळी बैलगाडीभोवती अख्खी चिखली जमली होती. तिकडे पिंपरीत कारखाने उभे राहत होते. दारात आलेलं काम सोडून हा मोंबासाच्या वर्कशॉपात निघाला, म्हणजे याचं डोकं फिरलं, असा गावाचा निकाल होता. तेवढ्यात आईला सोनाच्या मांडीवरच्या टोपलीतून शेपूट दिसलं.

"मांजर आडवं गेलं तर लोक माघारी फिरत्यात, आन तुमी त्यालाच संगं नेताय व्हय?"

"मांडीवर बसलीय आत्याबाई, आडवी कुठनं जाईल?" सोना म्हणाली.

सोना माझी बायको. तिची निघोज्याची आई गेली आणि माहेरचं म्हणून एवढंच उरलं, ही मनी. "मनी येणार नसंल तर मी बी न्हाई," हे तिनं मला आधीच बजावलं होतं.

आता इथं भाकरीच्या जागी मक्याचा उगाली आलाय. शेताला आम्ही शांबा म्हणतो, आणि शेजारीण मांजराला "पाका" म्हणाली की मनी कान टवकारते. उन्हाळा तर हटवादी पाहुण्यासारखा मुक्कामालाच आहे. चिखलीच्या हुरड्याची आठवण आली की दोघंही मक्याचं कणीस भाजून बघतो. तुम्ही विचारता, घर कुठलं म्हणायचं आता? ते सांगणं अवघड, पण इथलं घर नेमकं कुठं सुरू झालं ते मला ठाऊक आहे.

बंदरावर. मांजर उतरवायला परवाना लागतो हे बोटीवर कळलं, म्हणून टोपली सोनाच्या पदराखाली होती. कारकून आपल्याच देशाकडचा, पण शेजारी बसलेल्या गोऱ्या साहेबाहून ताठ. माझ्या पासपोर्टावरचं नाव तळहातानं झाकून त्यानं सोनाला विचारलं, "मरद का नाम?"

सोना गप्प. आपल्याकडं कुठली बाई नवऱ्याचं नाव घेते? हळदीकुंकवाला उखाण्यात घेतलं असतं. पण भर बंदरात, परक्या पुरुषांपुढं?

मी तोंड उघडलं. "तू चूप," कारकून म्हणाला, आणि पुन्हा तिला तेच विचारलं. तिनं मान आणखी खाली घातली.

"नाव माहीत नाही, म्हणजे ही याची बायको नाही," त्यानं साहेबाला सांगितलं. "परतीच्या बोटीत बसवू."

सोनाच्या डोळ्यांत पाणी, ओठ मात्र घट्ट.

तेवढ्यात पदर हलला. मनी टोपलीतून उसळली, टेबल ओलांडून थेट धक्क्याच्या कडेला गेली. खाली समुद्र. मी खांबासारखा उभा. आणि लग्न झाल्यापासून "अवं"शिवाय मला कधी हाक न मारलेली माझी बायको साऱ्या बंदराला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली,

"अरं धोंड्या, बघतूस काय, धर की तिला."