फोटोपुरती पट्टी

"हिची आई आमच्याकडे इथेच आया होती. आता बघा, कशी फाडफाड इंग्लिश बोलते. बोल ना गं काहीतरी."

विश्वस्त मॅडमचा हात माझ्या खांद्यावर होता. समोर कर्वेनगरहून आलेल्या पाच-सहा नव्या स्वयंसेविका. मी एकोणतीस वर्षांची. ट्रस्टच्या या डोळ्यांच्या दवाखान्याचं प्रशासन मी पाहते. मी "गुड मॉर्निंग, वेलकम" म्हणाले. एकीने टाळी वाजवली.

गप्प राहणं मला जमतं. ट्रस्टने मला इंग्रजी शाळेत घातलं, तिथेही शेवटच्या बाकावर गप्पच होते. कॉलेजात असताना दर रविवारी शिबिरात नावं लिहून घ्यायचे. पुढे समन्वयक झाले, मग प्रशासक. प्रत्येक वेळी मॅडमनी मला असंच कुणाला तरी दाखवलं. घरी जाऊन मी आईला सांगायचे, कौतुक केलं माझं.

वॉर्डात आदल्या दिवशी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले चौदा जण होते. बहुतेक लोणी काळभोरकडचे. सकाळी सातला पट्टी काढा, थेंब सुरू करा, असं डॉक्टरांनी प्रत्येकाच्या कागदावर लिहिलं होतं. पण आमच्याकडे पहिली पट्टी प्रमुख पाहुणे काढतात. तो फोटो वार्षिक अहवालावर छापतात. तोवर बाकीच्यांनीही थांबायचं. ही पद्धत इतकी वर्षं मीच सांभाळली. फोटोत कुणाचा चेहरा चांगला दिसेल, तेही मीच निवडायचे. याची लाज मला उशिरा वाटली.

दहा वाजले. पाहुण्यांचा पत्ता नाही. खिडकीजवळच्या आजींनी मला आवाजावरून ओळखलं.

"बाई, डोळा हाय का गेला, तेवढं तरी सांगा."

"पाहुणे यायचेत, आजी."

"डोळा माझा हाय. पावण्याचा न्हाई."

वॉर्ड हसला. माझे कान तापले. इतकी साधी गोष्ट, आणि माझ्या इंग्रजी डोक्याला कधी सुचली नव्हती.

मी सिस्टरना म्हटलं, "पट्ट्या काढा. सगळ्यांच्या. आत्ता."

"मॅडम बोलतील हो."

"माझं नाव सांगा."

पाऊण तासाने मॅडम आल्या. मागे पाहुणे, फोटोग्राफर, पुष्पगुच्छ. चौदाही जण उघड्या डोळ्यांनी त्यांच्याकडे बघत होते.

"वा. आता पाहुण्यांनी काय तुझं इंग्लिश ऐकायचं?" मॅडम हळूच म्हणाल्या. मग आजींकडे बोट केलं. "यांना परत बांध. फोटोपुरती."

"नाही बांधणार."

"कुणामुळे इथे उभी आहेस, विसरलीस?"

"आईमुळे. बावीस वर्षं तिने इथे बेडपॅन धुतली. तुम्ही तिला कधी कुणाला दाखवलं नाहीत."

हे सगळ्यांना ऐकू गेलं. फोटोग्राफरने कॅमेरा खाली केला.

दुपारी मी सहीनिशी सूचना काढली. पट्टी सातलाच निघेल, कुणासाठीही थांबणार नाही. ती वॉर्डाच्या दारावर स्वतः चिकटवली.

सोमवारी विश्वस्तांची बैठक आहे. माफीचं पत्र घेऊन ये, असा निरोप आलाय. मी जाणार आहे. पत्र नेणार नाही. त्यांनी मला काढलं, तर काढू देत. आजाऱ्याला मदत करणं हे माझं काम आहे. त्याला कुणापुढे मांडून ठेवणं माझं काम नाही. आणि यापुढे माझ्या खांद्यावर कुणी तसा हात ठेवला, तर तो मी तिथल्या तिथे खाली ठेवीन.