पन्नासाव्या प्रमाणपत्राचा खिळा

सुरतेत लिंबायतच्या आमच्या गल्लीत "वाल्मिकभाऊ कुठं राहतात?" असं कुणालाही विचारा. शेंबडं पोरही सांगेल, "रक्तवाले ना? ते पिवळं दार." ते आमचे मालक. एकोणपन्नास वेळा रक्त दिलंय. एकोणपन्नास प्रमाणपत्रं भिंतीवर, आणि कानबाई देवीचा फोटो बिचारा फ्रीजवर! शेवटच्या ओळीत एक खिळा रिकामा, पन्नासाव्यासाठी. पन्नास झाली की गल्लीचं मंडळ शाल देणार होतं.

येईल त्याला हे शिकवणार. वजन पंचेचाळीस किलो हवं, आदल्या रात्री झोप हवी, दारू नको, दोन वेळांमध्ये तीन महिने जायला हवेत. शेजारचा भटू एकदा शिबिराला उपास धरून गेला. त्याला वाटलं, दान म्हणजे उपाशीपोटीच करायचं. यांनी त्याला चारचौघांत असा झापला की बिचाऱ्यानं एकादशीच सोडली.

आणि यांची तयारी? ती माझ्या गळ्यात. शिबिराआधी पंधरा दिवस बीट, पालक, खजूर, गूळ-शेंगदाण्याचे लाडू. "हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली आलं तर नाक कापलं जाईल," म्हणायचे. लाडवांचा डबा यांच्या उशाशी. मी दिवसभर साड्यांना खडे चिकटवायची आणि मागं उरेल ते खायची. बहुतेक ठेचाच उरायचा.

गेल्या रविवारी शाळेत शिबिर होतं. हे नवा सदरा घालून पहिल्या नंबरला. डॉक्टरीणबाईनं आधारकार्ड बघितलं.

"काका, पासष्ट उलटली. आता नाही चालत."

"अहो, चुकीचं आहे ते! सोळाव्या वर्षी मिलमध्ये लागलो, तेव्हा दोन वर्षं वाढवून लिहिली. मी त्रेसष्टचा आहे!"

"म्हणजे काका, खोटं तेव्हा बोललात की आता?"

रांग खो खो हसली. भटू तर पोट धरून. मलाही हसू आलं, कशाला लपवू? यांचं तोंड मात्र एवढंसं झालं. शाल टेबलावर घडी करून ठेवलेली, आणि हे तिच्याकडे टक लावून. मग एकदम माझा दंड धरून मला पुढं ढकललं.

"हिचं घ्या! घर एकच आहे. पन्नासावं माझ्या खात्यात लिहा."

मला विचारलं? छे! शेळीला कुणी विचारतं का? पण मी बसले. वय छप्पन, वजन बावन्न, पोटात भाकरी, झोप झालेली. सगळ्यात पास. बाईनं बोट टोचलं, मशीन बघितलं, दुसरं बोट टोचलं.

"मावशी, हिमोग्लोबिन आठच आहे. तुमचं काय घ्यायचं? तुम्हालाच चढवायची वेळ आलीय. घरात कुणाचं लक्ष नाही का?"

आता कुणी हसलं नाही. हे माझ्या बोटावरच्या कापसाकडे बघत उभे राहिले.

"लाडू खात नव्हतीस?" हळूच म्हणाले.

"डबा तुमच्या उशाशी होता."

बाईनं चिठ्ठी लिहून दिली. लोहाच्या गोळ्या, तपासण्या, मोठ्या दवाखान्यात दाखवा. घरी येईपर्यंत यांनी शालीचं नावही काढलं नाही. मी स्टूल ओढलं, वर चढले, आणि ती चिठ्ठी पन्नासाव्या खिळ्याला अडकवली.

"येईल त्याला आता हेही दाखवा," मी म्हणाले.