माझ्याच अक्षरावरचं कुलूप

गठ्ठा मला समोर दिसत होता. कारकुनाच्या खुर्चीमागे लोखंडी कपाट, त्याचं एक दार उघडं, आणि मधल्या फळीवर माझ्या आईच्या लुगड्याच्या हिरव्या काठाने बांधलेला माझा गठ्ठा. पाहणीच्या वेळी ऑफिसातली फीत संपली होती, म्हणून तो काठ मीच घरून फाडून नेला होता. आतला कागदन् कागद माझ्या हाताने भरलेला. आणि कारकून म्हणत होता, "नहीं मिलेगा, बहनजी. गोपनीय है."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आज इतक्या वर्षांनी हे लिहितानाही ती पुरती उतरलेली नाही.

त्याच्या काही वर्षं आधी पाहणी झाली, तेव्हा भिलाईचा पोलादाचा कारखाना अर्धा चालू होता आणि अर्ध्याचं बांधकाम चाललं होतं. बांधकामावरच्या मजुरांच्या कॅम्पात घरोघर पाहणी करायला दुर्गच्या एका ऑफिसाने उन्हाळ्यापुरती माणसं घेतली. त्यांत मी होते. वडील रेल्वेत गार्ड, आम्ही मूळचे नागपूरकडचे, पण मी दुर्गातच वाढलेली. मराठी, हिंदी, छत्तीसगढी तिन्ही बोलायची, म्हणून बायकांशी बोलायचं काम माझ्याकडे आलं. पाणी कुठून आणता, बाळंतपण कुठे झालं, तापाला औषध कोणी दिलं, हे मी विचारायचं आणि लिहायचं. बायका आधी संशयाने बघत, मग एकदा बोलायला लागल्या की त्यांना थांबवणं कठीण जाई.

त्यांतली एक भंडाऱ्याकडची होती. नवऱ्याबरोबर आलेली, दिवसभर घमेल्याने माती वाहणारी. धर्म विचारला तर ठणकावून म्हणाली, "बौद्ध लिही. अन् कुठं लिवलं थे दाखव मले." वाचता येत नव्हतं, तरी त्या शब्दावर तिने बोट ठेवून पाहिलं. मग सगळ्यात शेवटी तिने पोरीचं सांगितलं. कॅम्पातलं गढूळ पाणी पिऊन हगवण लागली आणि तान्ही पोर दोन दिवसांत गेली. माझ्या कागदावर मेलेल्या मुलांसाठी रकानाच नव्हता.

"मुकादमानं लिवलं नाई, डाक्टरनं लिवलं नाई," ती म्हणाली. "तू तं लिही."

मी कडेच्या कोऱ्या जागेत लिहिलं.

पुढे एम.ए. करून नागपूरला संशोधनासाठी नाव घातलं. विषय हाच, कॅम्पातल्या बायकांचं पाणी आणि आजारपण. मार्गदर्शक सर म्हणाले, "तुमची निम्मी मेहनत झालेलीच आहे, ते कागद तेवढे आणा." मलाही वाटलं, आपलंच तर आहे, मागायचा अवकाश.

सरकारी काम, सहा महिने थांब. पहिला अर्ज परत आला, तो सरांमार्फत हवा होता म्हणून. सरांमार्फत दिला, तर तो हरवला. तिसऱ्या खेपेला मी कारकुनाला ओलांडून सरळ साहेबांच्या खोलीत शिरले. साहेब मराठी होते, मला वाटलं बरं झालं. कसलं बरं!

"सीमेवर नुकतीच लढाई होऊन गेली आहे," ते म्हणाले. "कारखान्याची माहिती अशी बाहेर देता येत नाही."

"साहेब, कारखान्याची नाही, नळाची माहिती आहे. एका हंड्यासाठी बाई किती वेळ रांगेत उभी राहते हे शत्रूला कळलं तर तो काय करणार? रांगेत येऊन उभा राहणार?"

त्यांना हसू आलं नाही. हा माणूस एकदाही कॅम्पात गेला नव्हता, उंटावरून शेळ्या हाकत होता. त्यांनी खणातून एक छापील कागद काढून माझ्यापुढे सरकवला. पाहणीत जे विचारलं आणि ऐकलं ते मी कोणालाही सांगणार नाही, असं त्यावर होतं.

"यावर सही केली की कागद मिळतील?"

"नाही. ही सही तेव्हाच घ्यायला हवी होती. राहून गेली."

म्हणजे द्यायचं काही नव्हतंच, वर माझ्या तोंडालाही कुलूप घालायचं होतं. मी तो कागद चोळामोळा करून त्यांच्या टेबलावर टाकला आणि बाहेर पडले. तोच त्यांच्या डोक्यात मारला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

घरी वडील बिथरले. "सरकारी मानसाशी कावून भांडून राहिली तू? आपली भाकर बी सरकारचीच हाय." आई आतून म्हणाली, "कागद ठेवा म्हना त्याईले. माहा काठ तं वापस आण."

सरांनी सांगितलं, वर्ष संपायच्या आत सामग्री दाखवा, नाहीतर नाव कमी होईल. जमत नसेल तर विषय बदला. पातळ बदलावं तसा विषय बदला! मी म्हटलं, बदलणार नाही, लोकांना पुन्हा विचारून येते. आणि कॅम्पात गेले, तर कॅम्पच नव्हता. झोपड्या उचललेल्या, जमीन सपाट केलेली, नव्या क्वार्टरांसाठी चुन्याच्या रेघा मारलेल्या. ज्यांना विचारायचं ती माणसं काम असेल तिकडे निघून गेलेली. त्या बायकांचं बोलणं आता त्या कपाटाशिवाय जगात कुठेच उरलं नव्हतं. मी त्या उन्हात उभी राहून रडले, आणि रडले म्हणून स्वतःवरही चिडले.

कोपऱ्यावरचा पानवाला म्हणाला, काही बायका जामुलला गेल्यात, तिकडे सिमेंटच्या कारखान्याचं काम निघालंय. मी बस पकडली.

भंडाऱ्याची ती तिथे होती. डोक्यावर घमेलं, केसांत सिमेंट. मला लगेच ओळखलं.

"तू तं थेच ना, लिवणारी? अखीन काय आनलं?"

"मले पुन्हा विचारा लागते, बाई. तेच सारं."

"कावून? मी सांगतलं ना तुले समदं. हरपलं काय?"

"हरपलं नाई. कुलपात हाय. साहेब देऊन नाई राहिला."

"माह्या पोरीचं बी?"

"थे बी. तो म्हनते, बाहेर गेलं तं देशाले धोका हाय."

तिने घमेलं डोक्यावरून खाली घेतलं.

"माही पोर मेली त्याचा देशाले धोका," ती म्हणाली. "अन् थे पानी पाजलं, त्याचा नाई?"

पलीकडून मुकादम ओरडायला लागला. तिने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"मंग पुन्हा लिही," ती म्हणाली. "पन या खेपेले त्याईच्या हाती देऊ नको."

तिने घमेलं पालथं घातलं, त्यावर बसली, आणि पोरीच्या जन्मापासून सांगायला लागली.