कच्चेरंग्यांचा माधव

माधव गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्यावर चिडलेलोच होतो. आदल्या रविवारी इंग्लंडात स्लाऊला आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात त्याला दहा मिनिटं बोलायला दिली होती. त्याने तासभर घेतला. मसालेभात गार झाला, मुलं रडकुंडीला आली आणि हा आपला जर्मन रंगांवरच. शेवटी केअरटेकर हॉलचे दिवे घालवायला लागला. "तुम्हाला नुसती जेवणाची घाई," मला एवढंच म्हणाला आणि न जेवता घरी गेला. त्याच आठवड्यात हार्ट अटॅक... भांडण तसंच राहिलं.

जवळच्याच रीडिंग गावात आम्ही वर्षानुवर्षं एकाच हॉस्पिटलमध्ये होतो. तो भूल देणारा, मी हाडांचा डॉक्टर. रिटायर झाल्यावर लोक बागकाम करतात. हा ट्रेनने लंडनला जाऊन जुने सरकारी कागद वाचत बसायचा. कारण त्याचे आजोबा. ते सोलापूरला लुगड्यांचं सूत रंगवायचे. लाल रंग मुंबईच्या एका जर्मन कंपनीकडून यायचा. पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि शत्रूची म्हणून सरकारने कंपनीला टाळं ठोकलं, साहेबाला कैदेत टाकलं, गोदामातला माल सील केला. तेवढा रंग इंग्लंडला बनवता येत नव्हता. बाजारात भेसळीचा माल आला. आजोबांनी नाइलाजाने तोच वापरला आणि पहिल्याच धुण्यात लुगड्यांचा रंग गेला. गिऱ्हाईकं तुटली. घराला नाव पडलं, कच्चेरंगे. माधवला शाळेतही त्याच नावाने चिडवायचे.

"टाळं सरकारने लावलं आणि लबाड ठरला माझा आजोबा," हे वाक्य मी किती जेवणांत ऐकलं असेल. माझ्या मुलीच्या लग्नात त्याने इंग्रज व्याह्यांनाही गाठून सगळं ऐकवलं. ते बिचारे हातात प्लेट घेऊन उभे.

मागच्या वर्षी आजोबा लबाड नव्हते याचे पुरावे एकदाचे जुळले. फोनकार्ड आणून त्याने सोलापूरला थोरल्या चुलतबहिणीला, अक्कांना फोन लावला. मी समोरच होतो, फोन स्पीकरवर. अक्कांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "अरे, ते नाव आता कोणाच्या लक्षात आहे? तूच तेवढं विलायतेत जपून ठेवलंयस."

त्याने फोन ठेवला आणि कागदांची फाईल मिटली. मला वाटलं, सुटलो. दुसऱ्या दिवशी हा पुन्हा सकाळच्या गाडीने लंडनला.

"आता कशाला?" मी विचारलं.

"आजोबा काय एकटे होते? बाकीच्या रंगाऱ्यांचं काय झालं, ते नको बघायला?"

अशा माणसापुढे करायचं तरी काय...

माधव गेल्यावर महिन्याभराने त्याच्या बायकोला, सुनंदावहिनींना भेटायला गेलो. त्या वॉशिंग मशीनपाशी नवी लाल चादर घेऊन उभ्या होत्या. चादरीचं टोक त्यांनी नळाखाली भिजवलं, पांढऱ्या रुमालावर दाबून धरलं आणि रुमाल खिडकीपाशी नेऊन निरखला.

"हे दुकानातसुद्धा असंच करायचे," त्या म्हणाल्या. "थुंकी लावून. साउथॉलच्या देशी बाजारातले दुकानदार आम्हाला ओळखायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं."

रुमाल स्वच्छ होता. तरी त्यांनी चादर वेगळीच धुवायला ठेवली.