सुलू आणि माझ्या साड्या

माझ्या प्रत्येक नव्या साडीची घडी सुलू मोडायची. नवी साडी जिवाभावाच्या बाईला आधी नेसायला देण्याची आपल्याकडं रीत आहे, पण ती आपण होऊन द्यायची असते. सुलू मागून घ्यायची. साडी परत यायची ती न धुता, आणि निऱ्यांवर हमखास हळदीचा डाग. "दुष्काळात धुवायला पाणी हाय कुठं? अन् डाग ऱ्हाऊ दे, नजर लागत न्हाई," म्हणायची. नजर लावण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण हे तिला कोण सांगणार?

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. नव्या कचेरीत आम्ही दोघी टायपिस्ट. तिचं माहेर औशाचं, सासर लातुरातलं, शेतीवाडीचं. मी उमरीहून आलेली, बौद्ध घरातली. साहेबांनी माझं काम वाखाणलं की तिचं कपाळ दुखायला लागे आणि चहा मीच आणून द्यायचे. दुसऱ्या बायकांशी चार शब्द बोलले की संध्याकाळी हळूच म्हणे, "त्या तुझ्यामागं काय काय बोलत्यात, मला इचार." मी विचारायचे नाही, पण त्यांच्याशी बोलणंही कमी करायचे. पुढं कळलं, माझ्याबद्दल ती त्यांना हेच सांगायची. असं करत कचेरीत मला एकच मैत्रीण उरली.

तरी मी तिला धरून राहिले, त्याला कारण होतं. कचेरीतला माठ दुपारीच कोरडा पडे. बायका घरून पाणी आणत आणि एकमेकींचं पीत. माझी बाटली पुढं केली की मात्र एकेकीची तहान जायची. सुलू सगळ्यांदेखत ती बाटली तोंडाला लावायची. "उमरीवालीचं पाणी लई गोड," म्हणत निम्मी संपवायची. घरी जाताना उपकार ऐकवायचीही, "म्या पिले, ध्यानात ठेव." मी ठेवलं.

तिची साडी मात्र तिनं मला कधी नेसू दिली नाही. एकदा थट्टेत मागितली, तर तिनं नजर चुकवली. "सासू घरात घ्यायची न्हाई मला," म्हणाली. ते मला लागलं.

आई उमरीला एकटी होती आणि तिची नजर अधू होत चालली होती. म्हणून मी उमरीजवळच्या नांदेडला बदली मागितली. हुकूम निघणार, तोच बायका मला पेढे मागू लागल्या. माझं लग्न लातुरातच जुळलंय, आता मला जायचं नाही, असं सुलूनं साहेबांच्या कानावर घातलं होतं. नांदेडची जागा दुसऱ्याला गेली. जाब विचारला तर माझ्याच पदरानं डोळे पुसत म्हणाली, "तू गेल्यावर मी कुणाच्या साडीची घडी मोडू?" मी तिच्याशी बोलणं टाकलं. ते सगळे दिवस माझी बाटली भरलेलीच घरी परत जायची.

पुढच्या उन्हाळ्यात बदली झाली. सुलू रजेवर असतानाच मी हुकूम हातात घेतला, गंजगोलाईच्या बाजारातून मोरपंखी साडी आणली, स्वतःच नेसले आणि स्टँड गाठलं. कुणाकडून कळलं कोण जाणे, सुलू तिथं आधीच उभी होती.

"घडी मोडलीस, मंगल?"

"मोडली. आईसाठी चाललेय, सुलू. आता आडवी येऊ नको."

तिनं मनगट धरून मला बायकांच्या खोलीत नेलं आणि माझ्या पदराची पिन काढायला लागली. "सोड ही. तासभर नेसली म्हणून घडी मोडत न्हाई." मी संतापले, नाही नाही ते बोलले. तेवढ्यात तिनं स्वतःच्या अंगावरची साडी सोडून माझ्या हातात दिली. "ही नेस. घरी काय सांगायचं ते मी बघते."

गाडी हलली तेव्हा ती माझी कोरी साडी नेसून खाली उभी होती. मी तिची जुनी नेसून खिडकीत रडत होते, आणि राग तरीही गेला नव्हता. सासूला काय थाप मारली असेल, याचं नंतर कितीदा हसू आलं.

बऱ्याच वर्षांनी सुलू गेल्याचं कळलं तेव्हा मी लातूरला गेले. सासू अजून होती, खाटेला खिळलेली. मला ओळखून म्हणाली, "त्या दिशी म्या इचारलं, साडी कुणाची? म्हणली, मंगलची. माझी तिला नेसवून आले. लई दिवस चुलीपाशी येऊ दिली न्हाई मी तिला. पण साडी काय बदलली न्हाई तिनं."

नांदेडला गेल्यावरही सुलू मला घोटभर पाण्याचे उपकार प्रत्येक भेटीत ऐकवायची. चुलीचं मात्र तिनं कधी बोलून दाखवलं नाही.