पॅटर्नवाल्याची पट्टी

धम्मरत्नभाऊ,

तुम्ही म्हणालात, "लिहा ताई, माझ्या तोंडातून निघत नाही." म्हणून लिहिते आहे. दीक्षा वाचेल ही भीती सोडा. ती मराठी फोनवर येईल तेवढंच वाचते. रविराजला तर दुकानातून मान वर करायला फुरसत नाही. पण मी लिहिलं म्हणजे तुम्ही सुटलात, असं मनात आणू नका. आता पुढं सारखं 'तुम्ही, तुम्ही' करत बसले तर वाचणाऱ्यांना निम्मं कळायचं नाही. तेव्हा इथून तुम्ही 'ते', आणि मी शेजारची प्रभावतीबाई. राग आला तर मधल्या भिंतीवर थाप मारा. मी घरातच आहे.

तर, धम्मरत्न भोसरीत राहतात, एमआयडीसीच्या अंगाला असलेल्या जुन्या कॉलनीत. उभी नोकरी एका फाउंड्रीत गेली, पॅटर्नमेकर म्हणून. यंत्राचा एखादा भाग धातूत ओतायचा तर आधी तोच भाग लाकडात करावा लागतो. तो वाळूत दाबायचा, अलगद काढून घ्यायचा आणि मागं राहिलेल्या पोकळीत वितळलेलं ॲल्युमिनियम सोडायचं. तो लाकडी भाग म्हणजे पॅटर्न. धम्मरत्नांच्या हातचा पॅटर्न आला की तपासणारा साहेब आधी त्यावरून हात फिरवायचा आणि मग माप घ्यायचा. पुढं हे काम कॉम्प्युटर करायला लागला, पॅटर्नशॉपला कुलूप लागलं आणि धम्मरत्न हत्यारांची पेटी घेऊन घरी आले.

गंमत अशी, की त्यांची लेक दीक्षा आज तेच काम करते. चाकणच्या एका कंपनीसाठी घरी बसून पडद्यावर सुटे भाग काढते. तिचा जुना कॉम्प्युटर असा घुमायचा, की धम्मरत्नांची बायको कस्तुरा स्वयंपाकघरातून ओरडायची, "दीक्षे, गिरणी बंद कर आधी! डाळ शिजली का न्हाई तेबी ऐकू येईना!"

दीक्षानं नवीन कॉम्प्युटर जुळवायचं ठरवलं. सुटे भाग ती तळवड्याच्या कॉम्प्युटर दुकानवाल्या रविराजकडून घेणार होती.

"डबा मी करतो," धम्मरत्न म्हणाले.

"पप्पा, डबा नाही म्हणत. केस म्हणतात."

"केस डोक्यावर असतात. मी डबा करतो."

जुन्या पॅटर्नचं सागवान माळ्यावर होतं. वर्षानुवर्षं वाळलेलं, आता इकडचं तिकडं होणार नाही असं लाकूड. त्याची चौकट झाली, कोपऱ्यांना दातात दात बसवून, एकही खिळा न मारता. दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचा पत्रा. तो ओळखीच्या वर्कशॉपमध्ये वाकवून आणला, पण वाऱ्याची भोकं स्वतः पाडली आणि प्रत्येक भोकाची कड घासली. गॅलरीत पाय ठेवायला जागा उरली नाही. "चार दिवसांत त्यातच झोपायला जातील हे," कस्तुरा प्रभावतीबाईंना म्हणायची. खरं म्हणजे ती खूश होती. नोकरी गेल्यापासून हा माणूस इतका वेळ कशात रमला नव्हता.

आत एक सपाट पत्रा बसवायचा होता, मदरबोर्ड त्यावर स्क्रूनं बसतो. बोर्ड अजून आला नव्हता. दीक्षानं मापांचं चित्र छापून दिलं. धम्मरत्नांनी पेटी उघडली, पट्टी काढली, खुणा केल्या, भोकं पाडली आणि स्क्रू बसायला बारक्या खुंट्या लावल्या. सगळं मापात.

बोर्ड आला त्या दिवशी दीक्षाला चाकणला मीटिंग होती. "पप्पा, हात लावू नका हं, मी आले की बसवू," म्हणून ती गेली. ज्यानं महिनाभर डबा घडवला, त्याला कुणी असं सांगावं का? दुपारी जेवून त्यांनी खोकं उघडलं.

पहिला स्क्रू बसला. शेजारचा किंचित सरकलेला वाटला. शेवटचा तर खुंटीपासून चांगलाच लांब. धम्मरत्नांनी चित्र पाहिलं, खुणा पाहिल्या, त्याच पट्टीनं पुन्हा मोजलं. माप बरोबर. म्हणजे चुकलाय बोर्ड. "आखूड काढलाय रांडेच्यांनी," असं ते चक्क मोठ्यानं म्हणाले. एरवी त्यांच्या तोंडात शिवी नसते. मग त्यांनी स्क्रू ड्रायव्हरचं टोक बोर्डाच्या कडेला लावलं आणि थोडं रेटलं. जरासं सरकलं. आणखी थोडं रेटलं.

कट् असा आवाज झाला. फार नाही, सुपारी फुटावी तेवढा.

त्यांनी बोर्ड काढून उजेडात धरला. कोपऱ्याशी एक केसाएवढी रेघ. तेव्हा कुठं त्यांची नजर हातातल्या पट्टीवर गेली. ती साधी पट्टी नव्हती. ती पॅटर्नवाल्यांची होती.

वितळलेला धातू थंड होताना आकसतो. म्हणून पॅटर्न हव्या त्या मापाहून मोठा करावा लागतो. प्रत्येक वेळी हिशेब कोण करणार? त्यासाठी वेगळी पट्टीच मिळते. आकडे नेहमीचे, पण प्रत्येक घर वाढीव. उभा जन्म हाताला तीच सवय. डबा सगळाच त्या पट्टीनं झाला होता. बाहेरून एवढंसं मोठं कुणाला कळतंय? पण बोर्डाला कळलं.

दीक्षा येईपर्यंत बोर्ड परत खोक्यात गेला होता. रात्री तिनं जोडणी करून बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. भोकं जुळत नाहीत हेही तिच्या लक्षात आलं, तेव्हा धम्मरत्न म्हणाले, "पत्रा मी उद्या नवीन करतो. माझी चूक झाली मापात." एवढं बोलले. पुढचं बोलायला तोंड उघडलं तर दीक्षाचा फोन लागलेला.

"रविराज, बोर्ड डेड आहे. आणि कोपऱ्याला क्रॅक आहे! जुना माल पॅक करून देता का तुम्ही?"

पलीकडून काय आलं ते ऐकू आलं नाही. दीक्षानं फोन ठेवला आणि तिथंच उभ्या उभ्या इंटरनेटवर दुकानाच्या नावाखाली लिहून टाकलं: वापरलेला बोर्ड नवीन म्हणून दिला, सावध राहा. धम्मरत्न बाजूला उभे राहून तिच्या बोटांकडे बघत होते.

एक दोन दिवसांत रविराज स्वतः आला. परभणीकडचा पोरगा, हसतमुख. हातात दुसरा बोर्ड. जुना बोर्ड त्यानं खिडकीशी नेऊन पाहिला.

"कंपनी काही हा परत घ्यायची नाही, तुटलेला हाय," तो म्हणाला. "जाऊ द्या, मी बघतो. वाहतुकीत धक्का बसला असंल. देण्याआधी मीच उघडून बघाया पाहिजे होतं, माझंच चुकलं, काका."

धम्मरत्नांनी पाण्याचा पेला पुढं केला.

मग रविराजची नजर डब्यावर गेली. तो खाली बसला, सागवानावरून तळहात फिरवला, अगदी त्या तपासणाऱ्या साहेबासारखा. "आई शप्पत! हे तुम्ही केलंत? अन् कामून लपवून ठिवलंत हो? फोटो काढू का?" त्यानं फोटो काढला आणि मोठा करून दुकानात लावला. खाली नाव: धम्मरत्नकाका, भोसरी. लोक फोन करायला लागले, आम्हालाही करून द्या. धम्मरत्न प्रत्येकाला सांगतात, डोळ्यांना दिसत नाही. डोळे ठणठणीत आहेत.

दीक्षाला त्यांनी एकदा विचारलं, "ते लिहिलेलं काढून का टाकत नाहीस? बदलून दिला ना त्यानं."

"पप्पा, बदलून देणं त्याचं कामच आहे. मी खोटं काय लिहिलंय?"

आता खोटं काय ते सांगायचं, तर कुणी? धम्मरत्न गॅलरीत जाऊन उभे राहिले. डब्यातला कॉम्प्युटर इतका गप्प चालतो, की घरात बोलायला काही आडोसाच उरला नाही.

शेवटी एका सकाळी त्यांनी प्रभावतीबाईंना हाक मारली. हातात दोन पट्ट्या. "ताई, फरक सांगा."

"मला काही दिसत नाही. कोडी घालू नका."

त्यांनी दोन्ही पट्ट्यांची एका बाजूची टोकं जुळवली. शेवटच्या रेघा जुळेनात. मग वर लिहिलं ते सगळं त्यांनी सांगितलं, खाली मान घालून. म्हणाले, "रविराज म्हणतोय, गिऱ्हाईक विचारतं, तुम्ही जुना माल देता का. मला हसत हसत सांगतो, ताई. मलाच."

"मग चला. तळवडं काय परदेशात आहे?" प्रभावतीबाईंनी चपला घातल्या. "पण सांगायचं तुम्ही. मी नुसती शेजारी उभी राहीन."

दोन्ही पट्ट्या एका कापडी पिशवीत घेतल्या. रविराजला दाखवल्या की निम्मं बोलणं वाचेल, असं त्यांचं म्हणणं. निगडीहून शेअर रिक्षा देहूकडे जाते, तळवडं वाटेत लागतं. धम्मरत्न पुढं ड्रायव्हरजवळ, बाई मागं दोन पोत्यांच्या मध्ये.

"तळवडे कोणी आहे का?" ड्रायव्हरनं विचारलं.

धम्मरत्न समोर बघत राहिले.

"अहो भाऊ! थांबवा की!" पण मागून हाक पोहोचेपर्यंत रिक्षा पुढं गेली होती. देहूला उतरले, इंद्रायणीच्या घाटावर बसले. बाईंनी तोंडसुख घेतलं, ते त्यांनी मुकाट्यानं ऐकून घेतलं. परतताना मात्र ते स्वतः तळवड्याला उतरले. दुकान रस्त्यापलीकडे. रविराज एका गिऱ्हाइकाला त्या फोटोकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होता.

"गर्दी आहे," धम्मरत्न म्हणाले.

"एक माणूस आहे!"

"त्याच्यासमोर नको, ताई. रविवारी येऊ. निवांत असतो तो."

घरी आल्यावर त्यांनी पिशवी प्रभावतीबाईंच्या हातात दिली. "तुमच्याकडं असू द्या. माझ्याकडं राहिली तर मी पेटीत टाकीन."

पिशवी दारामागच्या खुंटीला आहे. दर रविवारी सकाळी भिंतीवर थाप पडते, "ताई, आज जरा गुडघा दुखतोय." बाई चपला काढून ठेवतात. दुकानाच्या नावाखाली ते वाक्य तसंच आहे, आणि तळवड्याला त्यानंतर कुणी गेलेलं नाही.