रूबेनकाकांची दहा माणसं

शुक्रवारी ऊन कलायला लागलं की रूबेनकाका दुकानाचं शटर ओढायला घ्यायचे, मग आत गिऱ्हाईक असो नाहीतर नसो. पेणला त्यांचं पंप आणि पाइपांचं दुकान होतं. एकदा गडबच्या एका शेतकऱ्याचा पाइप अर्धा कापून झाला होता, तेवढ्यात काकांनी करवत खाली ठेवली.

"आता रविवारी."

"अवो शेट, भात वाळतंय माझं!"

"वाळू दे. ज्यानं भात दिलं, त्याचा दिवस लागला."

तो शिव्या देत गेला. हे ऐकून लोकांना कौतुक वाटतं. मला नाही. काकांचा मला राग होता आणि तो आजही पुरता गेलेला नाही.

रूबेनकाका माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. वाडवडील तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी, जो आमच्यात शुक्रवारच्या सूर्यास्तालाच लागतो, देवाच्या आज्ञेप्रमाणे घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावं आम्हाला शनवार तेली म्हणत. काकांना त्या नावाचा भारी अभिमान. पेणच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे आमच्या प्रार्थनामंदिरात, प्रार्थना तेच म्हणायचे आणि कोण कुठे चुकलं तेही चारचौघांत तेच सांगायचे. "देवाला थोडाथोडका माणूस नको, अख्खा पायजे," असं म्हणून ते आमच्या पहिल्या राजाची गोष्ट काढायचे. शत्रूचं काहीच ठेवू नकोस, अशी त्याला देवाची आज्ञा होती. त्यानं धष्टपुष्ट गुरं राखली, आणि विचारल्यावर म्हणाला, देवालाच वाहायला ठेवलीत. "देवाला मटण नको होतं, ऐकणारा माणूस हवा होता!" असं म्हणताना काकांचं बोट समोरच्या कोणाकडे तरी वळलेलं असायचं.

एका वर्षी ते बोट माझ्या वडिलांकडे वळलं. बाबा रोह्याजवळ एका कंपनीत होते. शनिवारची शिफ्ट लागली की जावंच लागायचं. किप्पूर हा आमचा पश्चात्तापाचा दिवस, तोही सूर्यास्ताला लागतो. पांढरे कपडे घालून बाबा मला घेऊन आमच्या वरसे गावाहून उजेडातच पेणला आले. काका सिनेगॉगच्या दारात आडवे उभे राहिले.

"शनवारी कंपनीची चाकरी, आणि आज इथं रडायला आलास?"

"दादा, मागं बसतो मी."

"नाय. आधी नोकरी सोड."

सगळे बघत होते. बाबा वळले. तो पवित्र दिवस आम्हाला परतीच्या एसटीत लागला. त्यानंतर बाबांनी सिनेगॉगची पायरी चढली नाही. काही वर्षांनी ते गेले. काका मातीला आले नाहीत.

पुढे आमची माणसं कमी होत गेली. कोणी इस्रायलला गेलं, कोणी मुंबईला. उरलेल्यांना काकांनी तोडलं होतं. मग एका किप्पूरला कोणीच आलं नाही. उघड्या सिनेगॉगमध्ये काका दिवसभर एकटे उभे होते म्हणे. त्याच आठवड्यात ते माझ्या दारात आले. मी आत बोलावलं नाही.

"एस्तेर गो, मोशाची माफी मागायचीय."

"बाबा नाहीत. मातीला आला असतात तर कळलं असतं."

ते उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. मग म्हणाले, "त्या राजाची गोष्ट जन्मभर दुसऱ्यांना सांगितली गो. मी पण तेच केलं. शनवार पाळणं मला सोपं होतं, दुकान माझं होतं. भावाला धरून राहायलाही देवानं सांगितलंच होतं. ते जड गेलं, ते ठेवलं बाजूला."

"उशिरा कळलं," मी म्हणाले आणि दार लावलं.

मेलेल्याची माफी मागायची तर आमच्यात दहा पुरुष घेऊन त्याच्या कबरीवर जावं लागतं आणि त्यांच्यासमोर गुन्हा कबूल करावा लागतो. काकांकडे दहा माणसं कुठली? ते एकेकाच्या दारी गेले. अलिबागच्या एकानं समाजाबाहेरची बायको केली म्हणून काकांनी त्याला हाकललं होतं. त्यानं त्यांना अंगणात उन्हात उभं केलं, पोटभर बोलून घेतलं आणि म्हणाला, "येतो. तुमच्यासाठी नाय, मोशासाठी." दुसऱ्यानं दारच उघडलं नाही. काका तिथे पुन्हा गेले. दहा जण जमेपर्यंत हिवाळा संपला.

मला निरोप आला. जायचं नाही असं ठरवलं होतं, तरी गेले.

रोह्याच्या कब्रस्तानात काकांनी चपला काढल्या. म्हणायचे शब्द ठरलेले असतात. देवाचा आणि माझ्या भावाचा मी अपराधी आहे, इथवर ते खणखणीत म्हणाले. पुढे नाव घ्यायचं होतं, तिथे अडले.

"मोशा रे," एवढंच आलं. मग, "आईनं तुला माझ्या हवाली केलं होतं रे."

ते खाली बसले आणि कबरीवरचं गवत उपटू लागले. "माफ आहे," दहाही जण म्हणाले. बाईमाणूस त्या दहांत धरत नाहीत. मला काही म्हणावं लागलं नाही, याचं बरं वाटलं.

फाटकाशी काका थांबले. "तू काय बोलली नायस."

"नाही बोलले."

"बरं केलंस. तोंडदेखलं नको."

पुढच्या पावसाळ्यात ते गेले. मोशाच्या शेजारी पुरा, पण एस्तेर नाही म्हणाली तर पेणला, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. बाबांच्या कबरीपाशी माणसं माझ्याकडे बघत उभी होती. चिखलात फावडी रोवलेली होती.

"इथंच ठेवा," मी म्हणाले. "पण दोघांच्या मधे एका माणसाची जागा सोडा."